हिरव्या रेघेची खोटी साक्ष

मित्रांनो, मी एक जुना हृदयमॉनिटर आहे. आज कारखान्यातल्या कपाटावर धूळ खात असलो, तरी माझी घडण ऐऱ्यागैऱ्याची नव्हे. धातूच्या बंद खोलीत माझी एकट्याची कसून परीक्षा झाली. माझ्या विजेचा इतर यंत्रांना त्रास होत नाही आणि त्यांच्या विजेचा त्रास मला बाधत नाही, असा दाखला मिळाला. पुढे रुग्णालयात मी इमानाने सेवा केली. डॉक्टर माझ्यावर एक नजर टाकत आणि निश्चिंत होत.

मग रुग्णांसाठी यंत्रांच्या गाड्या जोडणाऱ्या या कारखान्याच्या मालकांनी, म्हणजे दादांनी, मला विकत घेतले आणि एका औषधपंपासह व एका बॅटरी-चार्जरसह एकाच चाकांच्या गाडीवर बसवले. तिघांकडेही दाखले होते, म्हणून त्यांनी गाडीलाही मान्यतेची पट्टी डकवली. त्यांची धाकटी बहीण म्हणाली, एकदा एकत्र तपासून घेऊ. पास झालेल्या पोरांना पुन्हा परीक्षेला कशाला बसवायचे, असे विचारून दादांनी तिला गप्प केले.

ती पहिली गाडी त्यांच्याच आजारी आईच्या पलंगाशी लागली. एका दुपारी आईंच्या छातीवरची माझी तार सुटली. मी तत्क्षणी ओरडायला हवे होते. पण चार्जरच्या विजेची कुरकुर त्या तारेतून माझ्यात शिरली आणि तिलाच मी हृदयाचे ठोके समजलो. हिरवी रेघ डौलाने धावत राहिली. आईंची नाडी मात्र मंदावत होती. दादा शेजारीच बसले होते. रेघ पाहून त्यांनी वर्तमानपत्र उघडले. औषध द्यायला आलेल्या बहिणीने आईंचा हात हातात घेतला, आणि तिने तडक डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर वेळेवर पोहोचले. आई बचावल्या. बोलण्याइतके बळ येताच त्यांनी दादांना समोर उभे केले.

"तुझी काकू माहेरी गुणाचीच होती, मीही होते. एका ओट्याशी उभ्या राहिलो तेव्हा काय झालं, ते तू पाहिलंयस. ती पट्टी काढ. स्वतःच्या हातानं."

दादांनी ती नखाने खरवडून काढली. एकत्र चाचणीत गाडी नापास झाली. चार्जर दूर हलवला, तारांना जाळीचे आवरण चढवले, तेव्हा कुठे ती उत्तीर्ण झाली. तिच्यावर आता दुसरा मॉनिटर आहे.

मित्रांनो, यंत्रे जोडाल तेव्हा ती जोडलेलीच तपासा. आणि रेघ कितीही हिरवी दिसली, तरी अधूनमधून आपल्या माणसाचा हात हातात घेऊन बघा. ते काम माझे कधीच नव्हते.