हिरव्या रंगाखालची लाल ग्रीसगन

मित्रांनो, वरून मी हिरवी दिसते, पण मी लाल आहे. कुरखेड्याजवळच्या एका राईस मिलमधली मी जुनी ग्रीसगन. बेअरिंगला ग्रीस पाजायचं, एवढंच माझं आयुष्य.

अयूब मिस्त्रींनी मला बल्लारपूरहून आणलं, तेव्हा मिलमध्ये ग्रीसचा नुसता सावळागोंधळ होता. हाताला लागेल तो डबा उघडायचा आणि बाहेर ओघळेपर्यंत पंप मारायचे. जास्त ग्रीसनेही बेअरिंग तापतं, हे कुणाच्या गावीही नव्हतं. मिस्त्रींनी दोन हंगाम पेचकसाची मूठ कानाला लावून एकेक बेअरिंग ऐकलं आणि एकोणीस जागांची पद्धत बसवली. भट्टीजवळच्या पंख्यांना उष्णता सोसणारं ग्रीस, ते माझ्यात. बाकीच्यांना साधं, ते माझ्या निळ्या बहिणीत. कामगार बदलत राहतात, सगळ्यांना वाचता येतंच असं नाही, म्हणून त्यांनी कागद केलाच नाही. ग्रीस भरायच्या निपलवर लाल किंवा निळा रंग आणि शेजारी जितके पंप तितके पांढरे ठिपके. सहा वर्षं एकही बेअरिंग गेलं नाही. मालक गुणवंतराव ते ठिपके पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचे.

यंदा मिस्त्री डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे, जोयाकडे गेले आणि इकडे दसरा आला. गुणवंतरावांनी हौसेने सगळी मिल हिरवीगार रंगवून घेतली. निपल रंगले, ठिपके रंगले, आम्ही दोघी बहिणीही रंगलो. आम्हाला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ पडली. मला मात्र रडू येत होतं.

पुढच्या आठवड्यात ऑपरेटर प्रफुलने माझ्यात साधं ग्रीस भरलं. त्याला तरी कसं कळावं? दोनच दिवसांनी त्याने मिस्त्रींना फोन लावला.

"अयूबभाऊ, भट्टीचा पंखा शिट्टी मारून राह्यला. किती पंप मारू?"

"लाल गन घे. तीन मार."

"इथी सगळं हिरवंच आहे, भाऊ."

मिस्त्री म्हणाले, "खरवडून पाह्य."

प्रफुलने नखाने खरवडलं, माझा लाल रंग दिसला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. मित्रांनो, मला वाचा असती तर मी किंचाळले असते. रंग माझा होता, पोटातलं ग्रीस माझं नव्हतं. त्याने मोजून तीन पंप मारले. साधं ग्रीस त्या आचेत गळून गेलं. मिस्त्रींनी शिकवलं होतं तसा ताप पाहायला त्याने बेअरिंगवर तळहात ठेवला आणि हात पार भाजून निघाला. पंखा जाम होऊन बसला.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री डोळ्याला पट्टी असतानाच आले. नाण्याने हिरवा रंग खरवडू लागले, तर ठिपकेही सोबत निघून येऊ लागले.

"ठिपके किती दिसते?"

"नुसता पत्रा दिसून राह्यला, भाऊ," हात बांधलेला प्रफुल म्हणाला.

मिस्त्रींना अकरा जागा आठवल्या. आठ आठवेनात. मला मांडीवर घेऊन ते खाली बसले. "मले वाटे, कागद हरपते, मशीनवरचं नाई हरपत."

मित्रांनो, मिल उद्या पुन्हा सुरू होणार आहे, धान येऊन पडलंय. त्या आठ जागी किती पंप, हे आता कुणालाच ठाऊक नाही. कुठल्याही मशीनवर वेडावाकडा ठिपका दिसला, तर ब्रश फिरवण्याआधी तो कुणी काढला ते विचारा. मला विचारता येत नाही.