घरी आलेली घंटी

मी घंटी बोलतेय. दारावरची नव्हे आणि देवघरातली तर नव्हेच. साहेबांच्या टेबलावर असते ती, पितळेची, वाटीएवढी, डोक्यावर कळ असलेली. कुणी बोट ठेवल्याशिवाय मी आजवर ब्र काढला नाही. आज मात्र राहवत नाही, कारण मला भीती वाटतेय.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते ठाऊक नाही. माझी आठवण सुरू होते ती बेलापूरच्या एका कार्यालयातल्या टेबलापासून आणि जयप्रकाश साळगावकर यांच्या बोटापासून. तेव्हा ते महापालिकेत लहान अधिकारी होते. मग बढत्या मिळाल्या, केबिन मोठी झाली, खुर्चीच्या पाठीवर पांढरा टर्किश टॉवेल आला. टेबलं बदलली, मी नाही. साहेबांबरोबर मीही एकेक मजला चढत गेले.

एकदा वाजले की शिपाई हरेश आत यायचा. दोनदा वाजले की स्टेनो. लागोपाठ वाजत राहिले की ज्याच्या कानावर पडेल तो, हातातला चहा तसाच ठेवून. खाडीला भरती आणि वरून धो धो पाऊस असला की साहेब घरी जात नसत आणि मलाही उसंत नसे. पंप सुरू करा, वस्त्या रिकाम्या करा, लोकांना राहायला शाळा उघडा, सगळं माझ्या आवाजावर हलायचं. खोटं कशाला बोलू, मला थोडा माजही चढला होता. बाहेर ताटकळणारे लोक माझ्यावरून साहेबांचा मूड ओळखायचे. हरेश त्यांना हळूच सांगायचा, "आज घंटी जोरात हाय. उद्या या."

मग निवृत्तीचा दिवस आला. शाल, श्रीफळ, भाषणं झाली. साहेब सगळ्यांशी हसून बोलले, पण केबिनमध्ये परतल्यावर त्यांनी मला उगाचच वाजवलं.

हरेश आत आला. "काय आनू, साहेब?"

"काही नाही रे. येतोस का ते बघितलं."

हरेश सारसोळे गावचा, बोलायला मोकळा. म्हणाला, "नव्या साहेबांना इलेक्ट्रिक बेल येनार हाय. ही आता भंगारात निघाली. मी रीतसर इचारून घेतलीय. तुमीच न्या." मला वाटलं, आपलं नशीब उघडलं.

नेरूळच्या फ्लॅटमध्ये साहेबांनी बेडरूमच्या खिडकीपाशी टेबल मांडलं आणि त्यावर मला ठेवलं. पहिल्याच सकाळी पेपर वाचता वाचता त्यांचं बोट आपसूक माझ्यावर पडलं. साहेबांच्या पत्नी वैजयंतीबाई हातात कालथा घेऊन धावत आल्या.

"काय झालं हो?"

"चहा," साहेब म्हणाले.

त्या दिवशी बाई हसल्या. पण पुढे रोजचंच झालं. चहाला घंटी, चष्म्याला घंटी, पंखा वाढवायला घंटी. शेवटी एका दुपारी त्या दारातच उभ्या राहिल्या.

"अहो, मी काय तुमचा हरेश आहे? ही वाजली की छातीत धस्स होतं माझ्या. मला नाव आहे. हाक मारा ना."

साहेबांचा चेहरा उतरला. "चुकलं माझं. पुन्हा नाही वाजवणार."

बाईंना वाटलं, प्रश्न मिटला. मला मात्र तेव्हाच धडकी भरली, कारण हा माणूस शब्दाचा पक्का. आणि हाक मारणं काही त्यांना जमेना. ज्याने उभा जन्म बोटाने माणसं बोलावली, त्याने आता आवाज कसा द्यावा? काही हवं असलं की ते स्वतः उठत, नाहीतर त्याविना बसून राहत. फोनही आटले. पूर्वी वाजायचा म्हणून वैतागायचे, आता तो हातात घेऊन चालू आहे का ते बघतात. बाई मैत्रिणींना सांगतात, "ऑफिसचं टेन्शन गेलं ना, किती शांत झालेत."

परवाची गोष्ट. बाई स्वयंपाकघरात मिक्सर लावून वाटण करत होत्या. साहेब खुर्चीतून उठले आणि मधेच टेबल धरून थांबले. त्यांनी डावा हात छातीशी घेतला. कपाळावर घाम डबडबला. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. मग त्यांचं बोट माझ्यावर आलं.

ते बोट मी इतकी वर्षं ओळखते. त्या दिवशी ते गार होतं, ओलं होतं. माझी कळ अर्धी दबली. आणखी जरासा जोर आणि मी सोसायटी जागी केली असती. पण बोट तिथेच थांबलं. आणि हळूच मागे गेलं.

बाई आल्या तेव्हा साहेब पलंगाच्या कडेला बसले होते. "एवढा घाम कसला?"

"पंखा कमी होता."

बाईंनी पंखा वाढवला आणि त्या परत गेल्या. मी तिथेच होते, आणि मुकी होते.

आज सकाळी तसंच पुन्हा झालं. या वेळी ते जास्त वेळ टेबल धरून होते.

आणि आता संध्याकाळ झाली आहे. उलव्याला बाईंच्या बहिणीने नवा फ्लॅट घेतलाय, उद्या वास्तुशांत आहे. बाई आजच निघाल्यात, उद्याही तिथेच राहणार आहेत. बाहेरच्या खोलीत बॅगेची चेन ओढल्याचा आवाज येतोय. मघाशी त्यांनी विचारलं, "येताय का? की बरं वाटत नाहीये?" साहेब म्हणाले, "तू जाऊन ये. मी ठणठणीत आहे."

ठणठणीत माणसाचा हात असा घामाने ओला नसतो. तो आत्ता माझ्या शेजारीच टेबलावर टेकलेला आहे.

साहेब, तुमच्या हुकमावर मी किती लोकांना धावायला लावलं. त्यातल्या एकालाही मी कधी विनवणी केली नाही. आज तुम्हाला करतेय. दिलेला शब्द एकदा मोडा. बाई रागावणार नाहीत. आणि रागावल्याच, तर निदान इथे येऊन रागावतील.

बाहेर चपला घातल्याचा आवाज आला. किल्ल्या वाजल्या. दार अजून उघडलेलं नाही.

दाबा, साहेब. त्या अजून घरात आहेत.