पलीकडचे तीन टाके

खटला कोर्टात चालू आहे असं पेपरवाले लिहायचे. खरं तर तो आमच्या लाँड्रीसमोरच्या बाकावर चालू होता. कोर्टाला जेवणाची सुट्टी असायची, रविवार असायचा. बाकाला कसलीच सुट्टी नव्हती.

बाकावर दोघं कायमचे. एक अपीलकाका. शेजाऱ्याच्या भिंतीवरून अकरा वर्षं भांडताहेत, तीनदा हरले, तीनदा अपील केलं, म्हणून हे नाव. दुसरे निवृत्त पोस्टमन. जन्मभर लोकांची पत्रं वाटली, आता लोकांच्या गोष्टी वाटतात. बाकीचे कपडे टाकायला यायचे आणि जाताना निकाल देऊन जायचे. मी आत टेबलाशी इस्त्री करत असायची. इस्त्री करणाऱ्या बाईला कान असतात हे कुणाच्या ध्यानात येत नाही, त्यामुळे मला सगळं फुकटात ऐकायला मिळतं.

खून झाला होता फोटो स्टुडिओवाल्याचा. सकाळी शटर अर्धं उघडं दिसलं, आत तो डोक्यात घाव बसून पडलेला. पकडलं शेजारच्या घड्याळवाल्याला. दोघांचं पाटीवरून वाजलं होतं. स्टुडिओची नवी पाटी घड्याळवाल्याच्या दारावर हातभर आली होती, आणि ‘एक दिवस तुझाच फोटो भिंतीला लागेल’ असं तो भर रस्त्यात ओरडला होता. शिवाय एका बाईने त्या संध्याकाळी मागच्या गल्लीतून त्याच्याच उंचीचा माणूस जाताना पाहिला होता, पाठमोरा. आता भांडण म्हणजे खून नव्हे, आणि पाठ सगळ्यांनाच असते. खरा पुरावा एकच होता. स्टुडिओमागच्या गटारात रक्ताने भरलेला पांढरा शर्ट सापडला होता, आणि त्याच्या कॉलरच्या आत आमच्या लाँड्रीची खूण होती.

त्या खुणेचे साक्षीदार म्हणजे मालक. दुकानाचे मालक, आणि माझे नवरेही तेच.

पोलीस शर्ट घेऊन दुकानात आले तेव्हा मी लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. महिनाभराने परत आले तोवर मालकांचा जबाब झाला होता, आणि पुढे कोर्टात साक्षही झाली. साक्षीनंतर माणूस बदलला. सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे कपडे कडक करून स्वतः चुरगळलेल्या सदऱ्यात वावरणारे मालक रोज इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर उभे राहू लागले. गिऱ्हाईक आलं की साक्ष पहिल्यापासून सुरू.

"सरकारी वकिलाने विचारलं, ही खूण कुणाची? म्हटलं, घड्याळवाल्यांची. तीन टाके, डोळे मिटून सांगतो. मग विचारलं, खूण कोण घालतं? म्हटलं, मीच. दुसरं कोण घालणार?"

मी आतून ऐकत होते. मालकांनी आयुष्यात सुईत दोरा ओवलेला नाही. प्रत्येक खूण मी घातली आहे. पण दुकान त्यांचं आणि हात माझे, हे घरोघरी चालतं, म्हणून मी गप्प बसले. तसा रागही फार आला नाही. एवढा मोठा मान त्यांना पहिल्यांदाच मिळत होता.

"काय पुरावा आहे हो!" पोस्टमन म्हणायचे. "माणूस खोटं बोलेल, टाका बोलणार नाही."

"सुतावरून स्वर्ग गाठू नका," अपीलकाका म्हणायचे. "शर्ट त्याचा असेल, पण अंगात कोण होतं?"

"म्हणजे काय, शर्ट एकटा चालत गेला?"

यावर हशा व्हायचा. एक दिवस जन्मठेप, एक दिवस फाशी, असं हवामानाप्रमाणे बदलत राहायचं.

एका सकाळी घड्याळवाल्याची बायको आली. बाक एकदम चिडीचूप. अपीलकाकांनी पेपरची घडी घातली, पुन्हा उलगडली. ती कुणाकडे न बघता सरळ माझ्या टेबलाशी आली आणि पिशवीतून एक शर्ट काढला.

"वहिनी, उद्या तारीख आहे. तेवढी इस्त्री करून द्याल? घरची इस्त्री बिघडलीय."

इस्त्री बिघडली नव्हती. आरोपीचा शर्ट चांगला दिसावा म्हणून ती आली होती, आणि आम्ही घेतो की परत पाठवतो, तेही बघायला. मी शर्ट घेतला. सवयीने कॉलर उलटी केली. तीन टाके होते, धुऊन धुऊन फिकट झालेले, हिरवे.

तिला मी बसवलं, शर्ट करून दिला. ती गेली तसा बाक पुन्हा सुरू झाला. त्या दिवशीच्या पेपरात पंचनामा सबंध छापला होता आणि पोस्टमन तो पत्र वाचावं तसा वाचत होते. "पांढरा सुती शर्ट, पूर्ण बाह्यांचा, डावा खिसा फाटलेला, कॉलरच्या आतील बाजूस लाल दोऱ्याचे तीन टाके..."

"परत वाचा," मी म्हटलं.

बाकावरचे दोघं वळून बघायला लागले. मी तिथे आहे हे त्यांना बहुधा तेव्हाच कळलं.

"लाल दोऱ्याचे तीन टाके," पोस्टमनांनी वाचलं. "का हो?"

"काही नाही," म्हटलं, आणि इस्त्री उभी करून ठेवली.

आमच्या खुणा सोप्या आहेत. रस्त्याच्या अलीकडच्या घरांना लाल दोरा, पलीकडच्यांना हिरवा. टाके घराप्रमाणे. घड्याळवाला पलीकडे राहतो, त्याचे तीन टाके हिरवे. लाल तीन टाके गाण्याच्या मास्तरांचे होते. ते सहा वर्षांपूर्वी मुलीकडे राहायला गेले, जाताना सात शर्ट आमच्याकडेच राहिले. दोन वर्षं वाट पाहून मी ते मागेल त्याला देऊन टाकले. एक रंगाऱ्याला, दोन हमालांना, बाकीचे कुणाला ते आठवतही नाही. म्हणजे गटारातला शर्ट गावात कुणाच्याही अंगात असू शकत होता. घड्याळवाल्याचा मात्र तो नव्हता.

मग मालकांनी सांगितलं कसं? तर मालकांना लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. जन्मापासून.

हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं. त्यांनी हौसेने हिरवी शाल आणली, ती लाल निघाली. मी ती हिरवी म्हणूनच पांघरली. सासूबाईंना माहीत होतं, सासऱ्यांना नव्हतं. कपड्यांच्या धंद्यात रंग न कळणारा मुलगा म्हटल्यावर त्यांनी दुकान धाकट्याला दिलं असतं. जाण्याआधी सासूबाई मला एवढंच म्हणाल्या, "सांभाळून घे गं." मी सांभाळलं. गठ्ठा हातात देताना म्हणायचं, "अलीकडचं," किंवा, "पलीकडचं." ते टाके मोजायचे आणि बरोबर दारात नेऊन द्यायचे. सव्वीस वर्षांत एक गठ्ठा चुकला नाही. लोकांना वाटतं, या बाईला बडबडायची खोड आहे.

दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही जेवायला बसलो.

"त्या शर्टावर कसली खूण होती?" मी विचारलं.

"तीन टाके. किती वेळा सांगू?"

"रंग?"

मालक जेवत राहिले.

"अहो, रंग कुठला होता?"

"तू नव्हतीस तेव्हा," ते म्हणाले. माझ्यावर ठपका ठेवावा तसं म्हणाले, आणि खरं सांगायचं तर ते अगदीच खोटं नव्हतं. तीन टाके म्हणजे घड्याळवाला, एवढंच त्यांना ठाऊक होतं, कारण सहा वर्षं दुसऱ्या तीन टाक्यांचा गठ्ठा त्यांनी पोचवलाच नव्हता.

मी सगळं सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"पोलिसांना तेव्हाच सांगायचं ना, की मला रंग कळत नाही."

"चार पोलीस, दारात अर्धी गल्ली. त्यांच्यापुढे सांगू?" मग हातातला घास ताटात ठेवत, "खून त्यानेच केला असला तर?"

"असेलही. मी काही बघायला गेले नव्हते. पण शर्ट त्याचा नाही."

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते गं."

"असते. पण तुमच्या मुठीत एक माणूस सापडलाय."

ते उठले. हात धुतले, बराच वेळ पुसत राहिले. "तू सांग जाऊन कोर्टात," म्हणाले. "मला त्या पिंजऱ्यात पुन्हा उभं करू नका." मला त्यांचा संताप आला, आणि त्याच दमात मायाही आली. दोन्ही गिळून मी दुसऱ्या दिवशी आरोपीच्या वकीलबाईंना भेटायला गेले.

वकीलबाई वयाने माझ्या लेकीएवढ्या. ऐकता ऐकता त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुमची साक्ष मी घेईन," त्या म्हणाल्या. "पण तेवढ्याने भागणार नाही. सरकारी वकील म्हणतील, बाईला आज बरं आठवलं. तुमच्या यजमानांना कोर्टासमोर चुकावं लागेल."

मालक दोन दिवस आत गठ्ठेच बांधत बसले. बाकावर फिरकले नाहीत. पोस्टमनांनी विचारलं, "तब्येत बरी नाही का?" तर मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, कळायला मार्ग नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यांनी जुना चुरगळलेला सदरा चढवला आणि म्हणाले, "चल वकीलबाईंकडे."

पुढच्या तारखेला कोर्ट गच्च भरलं होतं. सगळा बाक पहिल्या रांगेत. आधी मला बोलावलं. कारकुनाने माझं वय विचारलं आणि धंद्याच्या जागी न विचारताच ‘गृहिणी’ लिहिलं.

"लाँड्रीत काम करते असं लिहा," मी म्हटलं. "खुणा मी घालते."

त्याने खोडून लिहिलं. मग मी लाल सांगितला, हिरवा सांगितला, मास्तरांचे सात शर्ट सांगितले. सरकारी वकिलांनी विचारलं, इतके महिने गप्प का होतात? म्हटलं, मला कुणी विचारलंच नाही. मागे कुणीतरी हसलं. मला बाकावर जाऊन बसायला सांगितलं.

मग मालक उभे राहिले. वकीलबाईंनी टेबलावर दहा कॉलरी मांडल्या. न नेलेल्या कपड्यांच्या मीच कापून दिल्या होत्या. सगळ्या जुन्या, धुवट, प्रत्येकीवर टाके. पाच लाल, पाच हिरवे.

"लाल डावीकडे ठेवा, हिरवे उजवीकडे," वकीलबाई म्हणाल्या.

रात्रभर मला एकच धास्ती होती. अंदाजाने उचलताना यांचं नशीब नेमकं आजच उघडायचं आणि दहाच्या दहा बरोबर यायच्या.

मालकांनी पहिली कॉलर उचलली. उजेडाकडे धरली. टाके मोजले. मग मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. न्यायाधीशांकडे नाही, वकिलांकडे नाही, माझ्याकडे. मुद्दाम नव्हतं ते. गठ्ठा हातात आला की ते असेच बघतात, आणि मी सांगते.

शब्द माझ्या जिभेवर आला होता. लाल होती ती कॉलर, इतक्या लांबून मला दिसत होती. सव्वीस वर्षं मी या माणसाला चारचौघांत चुकू दिलं नव्हतं. ते अजून बघत होते. मी मान खाली घातली आणि माझ्या चपलांकडे बघत बसले.

मग फक्त कापडाचे आवाज येत राहिले. एक कॉलर, दुसरी, तिसरी. कुणी खुदकन हसलं, मग बरेच जण हसले, मग न्यायाधीशांनी गप्प केलं. दहातल्या सहा चुकल्या.

"हे कधीपासून?" न्यायाधीशांनी विचारलं.

"जन्मापासून, साहेब."

"मग इतकी वर्षं दुकान कसं चालवलंत?"

मालकांनी माझ्याकडे बोट केलं. "ती सांगते," म्हणाले. "आज सांगितलं नाही तिने."

मी रडले, पण ते घरी येताना वाटेतच आटोपलं.

बाकाला हे पुढचे चार महिने पुरलं. सहा चुकल्या म्हणजे चार बरोबर आल्या त्याचं काय, असं अपीलकाकांचं म्हणणं. पोस्टमनांना पहिल्यापासूनच संशय होता म्हणे. मालकांना गल्लीत ‘सिग्नल’ हे नाव पडलं, ते अजून आहे. शेवटी निकाल लागला. शर्ट गळाला, मग उरली एक पाठ आणि एक पाटी. घड्याळवाला सुटला. खून कुणी केला ते आजही कुणाला माहीत नाही. बाक मात्र आठवड्याला एक नवा खुनी देतो.

निकालानंतर दोन दिवसांनी घड्याळवाल्याची बायको मोठं बोचकं घेऊन आली. तुरुंगातून आलेले सगळे कपडे होते. बाक भरलेला होता. मी आत खळ कालवत होते, हात बरबटलेले, म्हणून बोचकं मालकांनीच घेतलं, काउंटरवर सोडलं, वरच्या शर्टाची कॉलर उलटी केली.

मी हळूच सांगावं म्हणून जवळ येऊ लागले. त्याआधी मालकांनी शर्ट वर धरला आणि सगळ्यांसमोर, बाकाला नीट ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"अगं, हे कुठलं?"

"पलीकडचं," मी म्हटलं. "तीन टाके."