खंडोबाच्या खालचं बटण

आदिनाथकाकांच्या नव्या पिकअपमध्ये बत्तीस बटणं होती आणि काकांना त्यातली दोनच ठाऊक होती: काच खाली आणि गाणी मोठ्यानं. बाकीची "कंपनीनं उगं हौसंनं दिलीत," असं त्यांचं मत. म्हणून तर पूजेच्या दिवशी सोनियाकाकू देवासाठी जागा शोधायला लागल्या, तेव्हा गिअरच्या पुढची तीन बटणांची पट्टी काकांनी मोठ्या मनानं दान करून टाकली. घोड्यावर बसलेला बोटभर पितळी खंडोबा दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपनं तिथं पक्का बसला.

"वर्षभर हलवायचा नाय. हलला तर घरात यायचं नाय," काकूंनी बजावलं. हे खंडोबाला उद्देशून नव्हतं.

काकांची नववीतली पुतणी प्रांजली तेव्हा म्हणाली होती, "काका, त्यातलं एक बटण कामाचं आहे. मी गाडीच्या पुस्तकात वाचलंय."

"पुस्तक वाचून गाडी चालली असती, तर तुमच्या मास्तरांकडं ट्रक असता," काका म्हणाले. सगळे हसले. मास्तरांकडं स्कूटी होती, तीही बायकोची.

शनिवारी अकरा वाजता शहरात गारखेड्याच्या मैदानावर खो-खोच्या जिल्हा संघाची निवड होती. हजेरी अकराला, उशिरा आलेल्याचं नाव बाद. प्रांजलीनं ती चिठ्ठी घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवली होती. घरातल्या एकानंही तिला कधी खेळताना बघितलं नव्हतं, पण चिठ्ठी सगळ्यांना पाठ झाली होती. काका म्हणाले, "मी सोडतो ना गेटवर! तिथून मला गुलमंडीला जायचंय, मेव्हण्याला गाडी दाखवायला."

खुलताबादहून दोघं लवकर निघाले खरे, पण नवी गाडी आधी म्हसोबाला दाखवायची, मग मेव्हण्याला, हा घराचा कायदा. म्हसोबा शेताच्या टोकाला, ओढ्यापलीकडं. ओढा कोरडा, नुसती वाळू. जाताना उतार होता, गाडी सुळकन गेली. नारळ फुटला, शेंदूर लागला, काकांनी गाडीलाही हात जोडायला लावले असते तर तिनं जोडले असते. आणि परत येताना, प्रसादाचं खोबरं अजून तोंडात असताना, मागची चाकं वाळूत बसली.

काकांनी रेस दिली. इंजिन गुरगुरलं आणि आपोआप गप्प झालं. पुन्हा दिली, पुन्हा तेच. समोर वेगाच्या काट्यांच्या मधोमध घसरणाऱ्या गाडीचं पिवळं चित्र लुकलुकायला लागलं.

"बघ, किती हुशार गाडी," काका कौतुकानं म्हणाले. "आपण घसरतोय, हे तिला कळतंय."

"कळतंय म्हणूनच अडकलोय!" प्रांजली ओरडली. घड्याळात सव्वानऊ.

काठावर भिकनआबा मेंढरं चारत होते. ते उतरून आले, बाभळीच्या फांद्या तोडून चाकांखाली घातल्या. गाडीनं त्या फांद्यांवरही तोच हुशारपणा दाखवला.

"आदिनाथ, माझ्या मेंढरांना एक बी बटण नाय," आबा म्हणाले, "पण हितून रोज जात्यात."

"आबा, चेष्टा नका करू. ट्रॅक्टर बोलावू का?"

"ट्रॅक्टर चितेगावला गेलाय उसाचं बेणं आणायला. दुपारी यील."

दुपारी! गेल्या वर्षीची प्रांजली असती तर रडली असती. ही सरळ काकांच्या शेजारी येऊन बसली.

"काका, ऐका. चाक नुसतं फिरायला लागलं की गाडीला वाटतं आपण घसरून पडणार. म्हणून ती ब्रेक लावते आणि इंजिनाचा दम काढून घेते. डांबरी रस्त्यावर ते बरोबर आहे. वाळूत चाक थोडं फिरलंच पाहिजे, नाहीतर निघणार कसं? ती राखण बंद करायचं बटण आहे. पाच सेकंद दाबून धरायचं."

"मग दाब की!"

"त्याच्यावर खंडोबा बसलाय."

काकांनी देवाकडं बघितलं, मग आबांकडं. "आबा, तुमीच हलवा. तुमी वडीलधारे."

"मी नाय बाबा. तुझी बायको मला बी वळखती."

साडेनऊ. प्रांजलीनं चपला काढल्या, हात जोडले. "देवा, पाच सेकंदांचं काम आहे. तुम्ही तलवार घेऊन बसलाय, मला खो-खो खेळायचाय. दोघांनाही बसून राहणं शोभत नाही." तिनं शाळेचं ओळखपत्र टेपखाली सरकवलं, इकडून तिकडून खरवडलं, आणि खंडोबा घोड्यासकट तिच्या तळहातावर आला. तिनं बटण दाबून धरलं. एक, दोन, तीन, चार, पाच. पिवळं चित्र लुकलुकायचं थांबलं आणि नुसतं पेटून राहिलं.

"आता हळू रेस द्या. सोडू नका!"

चाकांनी मागं वाळूचा फवारा उडवला, भिकनआबांचं धोतर माखलं, मेंढरं पांगली, आणि पिकअप डुलत डुलत काठावर आला.

"म्हसोबानं काढली!" काका ओरडले.

डांबरी रस्ता लागताच प्रांजलीनं बटण पुन्हा दाबलं. काका हिरमुसले. "राहू दे की बंद. लई मोकळी पळतीय."

"पुढं दौलताबादचा घाट आहे. तिथं मोकळं पळायचं नाही."

काकांनी चक्क ऐकलं आणि वेग कमी केला.

गेटवर पोचले तेव्हा अकराला दहा कमी होते. प्रांजली उडी मारून पळाली. हजेरी झाली, पण निवड काही सुरू होईना, कारण प्रमुख पाहुणे आले नव्हते. ते साडेबाराला आले. ज्यांचं नाव उशिरासाठी बाद व्हायला हवं, त्यांनीच उशीर न करण्यावर भाषण केलं.

तेवढ्यात काका गर्दीतून धापा टाकत आले. "प्रांजली! आगं देव कुठंय? मी गुलमंडीपर्यंत जाऊन आलो!"

तिनं जीभ चावली. घाईत खंडोबा किटबॅगेत गेला होता, नी-कॅपच्या मधोमध. आणि बॅगा तर सरांनी खोलीत कुलूपबंद केल्या होत्या.

"खेळ संपल्यावरच मिळेल, काका."

"अन् तवर?"

"तवर बसा."

देवाशिवाय घरी जायची काकांची छाती नव्हती. ते पायरीवर बसले, आधी रागानं, मग कंटाळून. प्रांजली खांबापाशी झेप घेऊन तिसरा गडी मारून उठली, तेव्हा मात्र सगळ्या मैदानात एकच माणूस उभा राहून ओरडत होता, "आगं सोडू नको! रेस दे! रेस दे!"