सोन्यातून की मिठातून

सोनं पुरेसं पातळ झालं की त्यातून हिरवा उजेड येतो, हे मी रेहानाच्या हनुवटीवर पाहिलं. पडेगावात आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. चैत्रातल्या रणरणत्या दुपारी दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून ती पाण्याच्या काचपात्रावर ओणवी व्हायची, आणि पात्राखालच्या दिव्याचा प्रकाश पाण्यावर तरंगणाऱ्या सोन्याच्या पापुद्र्यातून गाळला जाऊन तिच्या मुखावर चढायचा. कोवळ्या कडुनिंबाच्या पानांतून आल्यासारखा.

विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवायची ती. काचेवर आधी साबणाचा हात, त्यावर सोन्याचा थर. काच तिरकी बुडवली की साबण सुटतो आणि सोनं पाण्यावर राहतं. मग भोक असलेली पट्टी चिमट्यात धरून, खालून, सुरकुती न पाडता ते उचलायचं. ते उचलताना तिची लांब बोटं अशी निश्चल व्हायची, की सगळी दुपार त्यांच्या टोकाशी येऊन थांबलीय असं वाटावं.

"मावशी, हसू नका, फाटेल!"

"मी कुठं हसते गं? माझं तोंडच असं हाय."

पट्टीच्या भोकावर ताणलेल्या त्या सोन्याच्या पडद्यातून ती आयन पाठवायची, दूरच्या शहरातल्या यंत्रावर पाळी मिळाली की. आयन म्हणजे इलेक्ट्रॉन हरवलेला अणू, एवढं मला समजलं. एका वेगानं आत शिरतो, बाहेर पडतो तेव्हा थोडा थकलेला. मधल्या वाटेत सोन्यातल्या इलेक्ट्रॉनांनी त्याची ऊर्जा काढून घेतलेली असते. जगाला वेगवान आयनांचं अप्रूप, हिला मंद आयनांची माया. "पिठल्यात डाव फिरवता ना, तसं मावशी. जोरात फिरवा, लई अडवतं. हळू फिरवा, कमी अडवतं. पण अडवतंच." सोन्यातले इलेक्ट्रॉन मोकळे, म्हणून आयन कितीही मंद येवो, ते चिमूटभर घेतातच. मिठाच्या स्फटिकात मात्र ते घट्ट बांधलेले. त्यांना घ्यायचा तर एकदम मोठा घासच घ्यावा लागतो, त्याला ती उंबरठा म्हणायची, आणि फार मंद आयनाकडून तेवढा निघत नाही. तेव्हा ते त्याला जाऊ देतात. बरं का, हे सांगताना तिचे डोळे असे निवायचे, जणू त्या मिठातून कुणी आपलं माणूस सुखरूप पार झालंय.

मग तिच्या हाताचे स्नायू झिजू लागले. आधी बांगड्या ढिल्या झाल्या, मग कपाचा कान सुटू लागला. विभागाचा जिना चढवेना, म्हणून तिथं उरलेल्या काचाही ती घरी घेऊन आली. डॉक्टरांनी औषधापेक्षा धीरच जास्त दिला. एका संध्याकाळी ती सहज म्हणाली, "मावशी, मी कशातून चाललेय? सोन्यातून की मिठातून?"

मी म्हटलं, "बाई, आधी चहा घे. निवतोय."

यंत्राची पाळी तोंडावर आली, तेव्हा एकच काच उरली होती.

"दुसऱ्या कुणाकडून उचलून घे की."

"दुसरे उचलतील मावशी. मग मी सकाळी उठू कशाला?"

मी तिचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. कातडीखाली काहीतरी फडफडत होतं, जाळीत सापडलेल्या पाखरासारखं. काच बुडाली, सोनं अलगद सुटलं, पाण्यावर पसरलं. पट्टी खालून वर येऊ लागली. अर्धं सोनं पट्टीवर चढलं, आणि तिची बोटं उघडली. चिमटा तळाला गेला. सोनं दुमडलं, गोळा झालं, बाजरीच्या दाण्याएवढंही उरलं नाही.

"नक्को मावशी, शोधू नका," ती म्हणाली. "झालं."

पाळी तिनं दुसऱ्यांना देऊन टाकली. पावसाळा सरता सरता तिचा आवाज गेला, मग घास गिळणं, आणि थंडीत श्वास. एकदम असं काहीच गेलं नाही. रोज थोडं, रोज थोडं, आणि त्या थोड्याला कुठं उंबरठा नव्हता.

मला वाटलं होतं, वय झालं, पावलं जड झाली, आता दुःखही आपल्याला विसरेल. पण मी काळातून एवढी हळू चालते, तरी तिचं नसणं वाटेत उभं असतं, आणि रोज माझ्याकडून थोडं काढून घेतं.