श्रावणीचा चांदोबा

"अनुप बोटानं काही दाखवतो का?" भावना मॅडमचा प्रश्न पुरता संपलाही नव्हता, तोवर संध्यानं 'हो' म्हणून टाकलं होतं.

राजापेठेतल्या मॅडमच्या मुलांच्या दवाखान्यात तिचा चार वर्षांचा अनुप खिडकीपाशी उभा राहून पडद्याची दोरी ओढत होता, सोडत होता, पुन्हा ओढत होता. आल्यापासून त्यानं कुणाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. संध्याच्या शेजारी तिची सासू सुंदराबाई बसली होती, तीही पोलीस ठाण्यात जबानीला आणल्यासारखी अंग चोरून. प्रीतम, संध्याचा नवरा, पुण्याला कंपनीत. फोनवर त्याचं एकच पालुपद, पोट्टं बोलंन, घाई कायची. पण अंगणवाडीच्या ताईनं पिच्छाच सोडला नाही, तेव्हा कुठं या दोघी बाया पोराला घेऊन अंजनगावहून आल्या होत्या.

मॅडमनी आधीच समजावून सांगितलं होतं. याला रक्ताची तपासणी नाही की फोटो काढायचा नाही. मी त्याच्याशी खेळून बघेनच, पण परक्या खोलीत मूल बुजतं. घरी ते कसं असतं हे घरच्यांनीच सांगायचं, आणि पुष्कळसं त्यावरच ठरतं. संध्याच्या मनानं त्यातलं शेवटचं तेवढं पकडलं. म्हणजे आपण म्हणू तसं! स्वमग्नता हा शब्द तिनं मोबाइलवर एकदा वाचला होता आणि घाबरून मोबाइल पालथा ठेवला होता. ते लचांड आता आपल्याच तोंडानं घरात घ्यायचं? छे!

"एखादा प्रसंग सांगा ना," मॅडम म्हणाल्या. "घडला तसाच."

मग संध्यानं चांदोबाचा प्रसंग सांगितला. लाइट गेली होती, लेकरू कडेवर घेऊन ती गच्चीवर उभी होती. लेकरानं एकदम वर बोट केलं, आणि आई पाहते की नाही म्हणून तिच्या तोंडाकडे वळून पाहिलं. पुन्हा वर, पुन्हा आईकडे. मॅडमचा चेहरा खुलला. त्यांनी सुंदराबाईला विचारलं, आजी, तुम्हालाही आठवतं का?

सुंदराबाई फरशीकडे पाहत म्हणाली, "हो बाई. दाखवते ना तो."

मॅडमना फोन आला तसं त्यांनी दोघींना जरा बाहेर बसायला सांगितलं. अनुप दोरी सोडेना, म्हणून तो आतच राहिला. बाहेरच्या बाकावर सुंदराबाई सुनेला खेटून बसली. मग हळूच बोलली, "संध्या, चांदोबा तं श्रावणीनं दाखवला होता."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. श्रावणी, अनुपची थोरली बहीण, आता चौथीत होती.

"मंग तुमी कावून हो म्हनलं?"

"मले बी लाज वाटली. मी त्याले विहारात नेत नाई. तो कानावर हात ठेवून खाली बसते, लोकं पाह्यतात."

संध्या एसटीत कंडक्टर होती. पाच वर्षांखालच्या पोराला तिकीट नसतं, त्यामुळे चांगल्या थोराड पोराला मांडीत दाबून 'चार बी पुरे नाई झाले' म्हणणाऱ्या आया तिनं खूप पाहिल्या होत्या. प्रश्नाआधी उत्तर द्यायची त्यांची घाई ती लांबून ओळखायची, आणि सगळ्या गाडीसमोर झापायचीही. आज तीच घाई तिनं स्वतः केली होती. आणि मांडीत दाबलं कुणाला? त्या तासाभरात अनुपचं म्हणून एक अक्षर तिनं सांगितलं नव्हतं. तो जसा आहे तसा चारचौघांत सांगण्याजोगा नाहीच, हे आईनंच ठरवून टाकलं होतं. वर पोरीचा चांदोबाही पळवला होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आतून मॅडमनी हाक मारली. आत जाऊन दाराजवळच्या खुर्चीत संध्या टेकली आणि खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, तो चांदोबा माया पोरीचा होता. अनुपचा नाई."

मॅडम रागावल्या नाहीत. लिहिलेलं त्यांनी खोडलं. "बरं. मग आता अनुपचं सांगा. पाणी हवं असलं की काय करतो?"

संध्याला वेळ लागला. यावेळी ती घाई करत नव्हती.

"माया हात धरते. इथं, मनगटाले. मटक्यापाशी नेते अन् हात गलासावर ठेवते. तोंडाकडे पाह्यत नाई. मी समजो, हात धरते म्हंजे लाडच करून राहिला."

"तुमचाच हात लागतो, की कुणाचाही चालतो?"

एवढं एक संध्याला सांगवेना. सुंदराबाईनं सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि खरं ते सांगितलं, "कोनाचाई चालते."

त्यानंतर दोघींनी काही झाकलं नाही. चपलांच्या रांगा सांगितल्या, कुकरच्या शिट्टीचं सांगितलं, हाका मारून घसा सुकतो तेही सांगितलं. संध्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती सांगत होती. मॅडम मध्येच थांबवून विचारत, लिहून घेत.

एवढ्यात अनुपनं दोरी सोडली. तो दाराकडे आला. दारापाशी संध्याच बसली होती. त्यानं तिचं मनगट धरलं, तिला उठवलं आणि तिचा हात नेऊन कडीवर ठेवला.

संध्यानं कडी काढली नाही. "हे पाहा, मॅडम," ती म्हणाली. "असं." आणि त्यांना दिसलं की नाही म्हणून तिनं त्यांच्या तोंडाकडे वळून पाहिलं.

अनुप कडीकडे पाहत होता.