फ्लेक्सचं नाव काढायचं नाही

बारामतीतल्या त्या डिझाइन कॉलेजात शेवटच्या वर्षाला अकरा मुलं होती, आणि अकराच्या अकरांना नोकरीच्या लायक करून सोडायचं राजेश्वरी मॅडमनी मनावर घेतलं होतं. मनावर घेतलं म्हणजे किती, तर दिवाळीपासून त्यांनी मुलांना धड चहा पिऊ दिला नव्हता. रोज चार वाजता तालीम. एकानं कंपनीचा साहेब व्हायचं, दुसऱ्यानं उमेदवार. दार कसं वाजवायचं, पाणी विचारलं तर घ्यायचं की नाही, ‘तुमच्यातला दोष सांगा’ म्हटल्यावर त्यातल्या त्यात गोड दोष कुठला सांगायचा, सगळं ठरलेलं. आणि या सगळ्याच्या वरचा एक नियम त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकला होता. फ्लेक्सचं नाव काढायचं नाही.

आता अकरातली सात मुलं कुठल्या ना कुठल्या फ्लेक्सच्या दुकानात काम केलेली. इकडं वाढदिवस असो, निवड असो, नवा ट्रॅक्टर दारात येवो, चौकात फ्लेक्स लागल्याशिवाय ते घडलं असं कुणी धरत नाही. मुलांचा हात बसला होता तो तिथंच. पण मॅडमना त्या फ्लेक्सचा मनस्वी राग होता. त्याचं कारण त्या कुणाला सांगत नसत. बारा वर्षांपूर्वी त्या स्वतः माळेगावहून पुण्यात पहिल्या मुलाखतीला गेल्या, तेव्हा फाइलमध्ये हौसेनं केलेले तीन फ्लेक्स होते. समोरचा माणूस ते बघून हसला आणि शेजारच्याला बोलावून त्यालाही दाखवले. तेव्हा तोंडात मारल्यासारखं झालं होतं, ते अजून उतरलं नव्हतं. आपल्या पोरांवर ही वेळ येऊ द्यायची नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात. म्हणून त्यांनी एकेकाचा पोर्टफोलिओ स्वतः बसून धुऊन काढला. फ्लेक्स गेले, त्यांच्या जागी कॉफीची पाकिटं आली, शाम्पूच्या बाटल्या आल्या, पाळीव कुत्र्यांना फिरवून आणणारं मोबाइल ॲप आलं. ते ॲप रोहिणीचं. रोहिणीच्या गावी, इंदापूरकडच्या कळंबमध्ये, कुत्र्याला कुणी फिरवायला नेत नाही, ते आपलं आपण गावभर फिरून येतं. पण मॅडम म्हणाल्या म्हणून तिनं पंधरा दिवस बसून ते ॲप केलं.

रोहिणीवर मॅडमचा विशेष जीव. मुलगी हुशार आणि सांगितलेलं पडू न देणारी. तिचे वडील अप्पा ढोबळी मिरची आणि काकडी करायचे. त्यांनी लेकीला स्पष्ट सांगून ठेवलं होतं, “यंदा पुण्यात काम लागलं तर खुशाल जा. न्हाय लागलं तर भिमाचं दुकान हायेच की.” भिमा म्हणजे तिचा चुलता. त्याच्या फ्लेक्सच्या दुकानात ती तीन वर्षं शनिवार-रविवार बसत होती, आणि त्या दुकानात जन्म काढायचा नाही हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. कॉलेजात यंदा कंपनी येणार होती एकच, पुण्याची, वस्तूंची वेष्टनं करणारी. जागा तीन. मुलाखतीच्या फॉर्मवर ‘कामाचा अनुभव’ असा एक रकाना होता. त्यात मॅडमनी अकराही जणांना ‘नाही’ लिहायला लावलं आणि खाली स्वतःची सही ठोकली.

कंपनीकडून आले शंभूराज सर. वय चाळिशीच्या आत, आवाज मऊ. आदल्या दिवशी सोलापूरला याच तीन जागांसाठी मुलाखती घेऊन ते इंदापूरमार्गे आले होते. मॅडमना खोलीत मागं बसायला त्यांची हरकत नव्हती, फक्त मधे बोलायचं नाही एवढी अट. मॅडम खुर्ची घेऊन कोपऱ्यात बसल्या.

पहिली दोन मुलं बरी गेली. तिसऱ्यापासून सरांच्या कपाळाला आठी पडायला लागली, कारण तिसऱ्याच्या फाइलमध्येही कॉफीचं पाकीटच निघालं. ‘गिऱ्हाइकानं काम परत पाठवलं तर काय कराल?’ याचं उत्तर चौघांनी स्वल्पविरामासकट एकच दिलं. तालमीत तेच पाठ करून घेतलेलं. तरी रणजित आणि संजीवनी चांगले गेले. सरांनी त्यांच्या नावापुढं खूण केलेली मॅडमनी मागून पाहिली. राहिली एक जागा.

रोहिणी आत आली. दार नीट वाजवलं, पाणी नको म्हणाली, ताठ बसली. सरांनी कुत्र्यांचं ॲप चार पानं उलटून बाजूला ठेवलं.

“हे सगळं छान आहे,” ते म्हणाले, “पण कॉलेजच्या बाहेर कुणासाठी काही केलंय का? लहानसहान, काहीही.”

“नाही सर.”

“बरं. तू कळंबची ना? मग एक विचारतो. काल मी इंदापूरकडून येताना रस्त्याला यात्रेच्या कुस्त्यांचा एक बोर्ड पाहिला. गोल. मधे आखाडा आणि भोवती माणसांचे फोटो. गाडी थांबवून बघितला मी तो.” त्यांनी मोबाइल पुढं केला. “हे कोणी केलंय, माहितीये?”

कोपऱ्यात मॅडम खुर्चीवर पुढं सरकल्या.

तो बोर्ड रोहिणीनं केला होता. गावातल्या दोन भावक्या यात्रेच्या फ्लेक्सवरून महिनाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. वरची जागा आमच्या आबांची, का आमच्या तात्यांची, एवढाच प्रश्न. भिमाकाकाच्या दुकानात दोन्हीकडची माणसं रोज येऊन बसायची आणि केलेला फ्लेक्स रोज मोडायची. शेवटी या पोरीनं चौकटच काढून टाकली. अडतीस माणसं आखाड्याभोवती गोल उभी केली, आता वर कोण आणि खाली कोण शोधत बसा. दोन्ही भावक्यांनी पैसे दिले आणि बोर्डाखाली एकत्र चहा प्याल्या. तिनं मोठ्या हौसेनं तो मॅडमना दाखवला होता. मॅडमनी “हं” म्हणून पान उलटलं होतं.

मॅडम जोरजोरानं मान हलवायला लागल्या. हो म्हण, पोरी, हो म्हण. पण रोहिणीनं त्यांच्याकडं पाहिलंच नाही. समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायचं, माझ्याकडं बघायचं नाही, हे मॅडमनीच तिच्याकडून पन्नास वेळा घोटून घेतलं होतं.

“नाही सर, मला माहीत नाही,” ती म्हणाली.

“आठवून बघ. त्या भागातलं दुकान असणार. केलेलं माणूस भेटलं तर मला हवंय.”

रोहिणीनं मोबाइल सरांकडं परत सरकवला. मग तालमीतल्यासारखी हसली. “नाही सर. मी फ्लेक्सचं काम करत नाही.”

“सर…” मॅडम उठल्या. सरांनी हात वर केला. “शेवटी बोलू, मॅडम.”

शेवट यायला आणखी तीन मुलं जावी लागली. तेवढा वेळ मॅडम त्या कोपऱ्यात बसून होत्या. कुणी काय सांगितलं ते त्यांच्या कानांवर पडत होतं, पण मनात शिरत नव्हतं. शेवटचा मुलगा बाहेर गेला तशा त्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

“तो बोर्ड तिचाच आहे, सर. रोहिणीचा.”

शंभूराज सर फॉर्म गोळा करत होते. ते थांबले. “मी तिला दोनदा विचारलं, मॅडम.”

“मी सांगितलं होतं नाही म्हणायला. म्हणजे त्या बोर्डाचं नाही, फ्लेक्सचंच. चुलत्याच्या दुकानात करते ती. मी आत्ता फोन लावते त्यांना.”

“चुलता पुतणीचंच नाव सांगणार ना.” ते वाईट बोलत नव्हते, आणि तेच जास्त लागत होतं. त्यांनी रोहिणीचा फॉर्म वर काढला. “इथं अनुभव ‘नाही’ लिहिलंय, खाली तुमची सही आहे. आता तुम्ही म्हणता, अनुभव आहे. मी कशावर विश्वास ठेवू?”

“चूक माझी आहे, सर. तिची नाही.”

“मानलं. पण मग मला हेही विचारावं लागेल की बाकीच्यांच्या फाइलमध्ये तुमचं सांगितलेलं किती आणि त्यांचं किती.” त्यांनी खूण केलेले दोन फॉर्म वेगळे धरले होते. रणजितचा आणि संजीवनीचा. “हे दोघं तरी मी नक्की धरू ना?”

मॅडमना पुढं बोलायचं होतं, खूप बोलायचं होतं. त्या दोन फॉर्मांकडं बघून त्यांनी तोंड मिटलं.

“धरा,” त्या म्हणाल्या.

तिसरी जागा सरांनी आदल्या दिवशी सोलापूरला पाहिलेल्या एका मुलाला दिली. संध्याकाळी मेल करतो म्हणाले, मॅडमशी हात मिळवला आणि निघाले.

बाहेर व्हरांड्यात रोहिणी थांबली होती. बाकीची मुलं चहाला गेली होती. मॅडम दिसताच ती पुढं आली. तिचा चेहरा नुसता उजळलेला होता.

“मॅडम, त्यांनी तो बोर्डच इचारला की वो! माझा जीवच गेला. पर म्या काय कबूल केलं न्हाय. दोनदा इचारलं तरी न्हाय.” ती धाप लागल्यासारखी बोलत होती. “चुकलं न्हाय ना काय?”

राजेश्वरी मॅडमनी तिच्याकडं पाहिलं. संध्याकाळच्या मेलला अजून चार तास होते. खरं सांगितलं तर आपलं मन हलकं होईल, हिचं काय होईल? आणि नाही सांगितलं तरी हिचं काय होणार आहे?

“नाही,” त्या म्हणाल्या. “मी सांगितलं तसंच बोललीस तू.”

रोहिणीनं मोबाइल काढून वडिलांना फोन लावला. “अप्पा, झालं वो! लई चांगलं झालं. व्हय, मॅडम हितंच हायेत, देऊ का?” आणि मॅडमनी हात मागं घ्यायच्या आत तिनं फोन त्यांच्या हातात दिला.

“मॅडम,” तिकडून अप्पांचा मोठा, शेतातल्या माणसाचा आवाज आला, “आमी अडाणी मानसं, आमाला त्यातलं काय कळत न्हाय. पर पोरगी आमचं न्हाय ऐकत येवढं तुमचं ऐकती. तुमच्यामुळं तिचं कल्याण झालं बगा.”

“हो,” मॅडम म्हणाल्या. पलीकडं अप्पा बोलतच राहिले, आणि समोर रोहिणी हात पुढं करून, हसत, फोन परत मिळायची वाट बघत उभी होती.